भुयारी गटारातला चिकटा: पाण्याचा वेग वाढवला की तो खरंच जातो का?

उतार_आणि_आकार (धागाकर्ता)

मलवाहिनीच्या आत जो करडा-काळा बुळबुळीत थर बसतो, त्याला साइटवर सर्रास ‘शेवाळ’ म्हणतात. शेवाळाला उजेड लागतो आणि पाईपात तो नसतो. हा थर जिवाणूंचा, त्यांनी सोडलेल्या चिकट द्रव्याचा आणि त्यात अडकलेल्या बारीक गाळाचा असतो. पुस्तकी नाव बायोफिल्म. खाली सोयीसाठी ‘चिकटा’च म्हणतो.

त्याच्याबद्दल एक समज पक्का बसलाय: वेग वाढवा, चिकटा धुऊन जाईल, वास थांबेल. मला हे अर्धंच पटतं. वाहतं पाणी या थराच्या बाबतीत दोन उलटी कामं एकाच वेळी करतं. ते थराला ओरबाडतं आणि खायलाही घालतं. भिंतीलगत पाण्याचा एक पातळसा जवळजवळ स्थिर पापुद्रा असतो. अन्न, प्राणवायू, सल्फेट हे सगळं त्यातूनच झिरपत चिकट्यापर्यंत पोचतं. वेग वाढला की पापुद्रा पातळ होतो आणि चिकट्याला जास्त मिळतं. म्हणून मंद पाण्यात वाढलेला चिकटा जाड, फुसफुशीत आणि सहज निघणारा असतो, तर जोरदार पाण्यात वाढलेला पातळ, घट्ट आणि चिवट. वेगाने चिकट्याची जात बदलते. तो नाहीसा होत नाही.

चर्चेसाठी एक नमुना उदाहरण घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

वाढत्या उपनगराची रायझिंग मेन, म्हणजे पंपाने सांडपाणी दाबाने पुढच्या चेंबरपर्यंत ढकलणारा पाईप. व्यास ३०० मिमी, लांबी १२०० मीटर. अंतिम लोकसंख्या २५,०००. आज वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. माणशी १३५ लिटर पुरवठा, त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर. आजचा प्रवाह दिवसाला साधारण ५०० घनमीटर, अंतिम २७००. पंप ताशी २०३ घनमीटरचा, त्यामुळे पंप चालू असताना वेग ०.८ मी/से. कागदावर सगळं नियमात आहे. तरी पलीकडच्या चेंबरला सडक्या अंड्याचा वास येतो आणि झाकणाखालचं काँक्रीट पिठासारखं सुटतं. का?

वेटवेल

पाईपात किती पाणी मावतं ते आधी काढा. ०.०७०७ चौ. मी. गुणिले १२०० म्हणजे सुमारे ८५ घनमीटर. दिवसाला ५०० येतात, म्हणजे तासाला २०.८. पाणी पाईपात सरासरी चार तास राहतं. पंप मात्र दिवसभरात मिळून जेमतेम अडीच तास चालतो. उरलेले साडेएकवीस तास पाणी उभं. ०.८ हा वेग त्या अडीच तासांचा आहे.

सम्पच्या (पंपाआधी सांडपाणी जमतं त्या टाकीच्या) बाजूनेही पाहा. तासाला ६ वेळा पंप सुरू व्हायला चालतो असं धरलं, तर चालू-बंद पातळ्यांमधलं किमान आकारमान = आवर्तनाचा वेळ × पंपाचा प्रवाह ÷ ४. म्हणजे १० मिनिटं × २०३ ÷ ६० ÷ ४ = सुमारे ८.५ घनमीटर. आजच्या आवकीला ते भरायला २४-२५ मिनिटं लागतात आणि उपसायला तीनच. एका खेपेत साडेनऊ घनमीटर पुढे सरकतं. तेच पाणी ८५ घनमीटरची लाइन ओलांडायला नऊ खेपा घेतं. नऊ वेळा ढकललं जातं आणि दर दोन ढकलण्यांमध्ये पंचवीसेक मिनिटं चिकट्याला टेकून उभं राहतं. भरलेल्या पाईपात वरून हवा नाही. पाण्यातला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात.

सल्फाईड_मोजणी

वेटवेल यांच्या हिशोबाला पुढे जोड देतो.

रायझिंग मेनमध्ये चिकटा सल्फाईड किती तयार करतो यासाठी बून आणि लिस्टर यांचं १९७५ चं समीकरण आजही पहिल्या अंदाजाला चांगलं चालतं: ०.०००२२८ × सीओडी × १.०७ चा (तापमान − २०) वा घात, उत्तर ग्रॅम प्रति चौ. मी. प्रति तास. सीओडी (सांडपाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि सांडपाणी ३० अंशांवर धरा. १.०७ चा दहावा घात जवळपास २, म्हणजे थंड देशातल्या २० अंशांच्या मानाने आपल्याकडे दुप्पट दर. उत्तर साधारण ०.२२ ग्रॅम.

पाईपाच्या आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ: ३.१४ × ०.३ × १२०० = ११३१ चौ. मी. म्हणजे तासाला सुमारे २५० ग्रॅम सल्फाईड. भागिले २०.८ घनमीटर. लिटरला १२ मिलिग्रॅम.

आता तोच पाईप, अंतिम प्रवाह ताशी ११२.५ घनमीटर. तेच २५० ग्रॅम, भागिले ११२.५. लिटरला सव्वादोन मिलिग्रॅम.

या हिशोबात वेग कुठेच आलेला नाही. *भिंतीचं क्षेत्रफळ भागिले ताशी येणारं पाणी*, एवढंच ठरवतं. आपण सगळे पंपाचा वेग बघत बसतो आणि ज्या आकड्यावर वास ठरतो तो आराखड्यात कुणी लिहीतच नाही, याचं मला वाईट वाटतं. अंतिम लोकसंख्येसाठी टाकलेला मोठा पाईप पहिली दहा वर्षं सल्फाईडचा कारखाना म्हणून चालतो.

नवा_अभियंता

मग व्यास निम्मा केला तर? १५० मिमीत मावणारं पाणी चौथ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे सल्फाईडही चौथा हिस्सा होईल ना?

सल्फाईड_मोजणी

नाही, निम्मंच होईल. बरेच जण इथेच चुकतात. १५० मिमीत पाणी एक तासच राहतं हे खरं, पण लहान पाईपात दर घनमीटर पाण्यामागे भिंत जास्त येते. भरलेल्या पाईपात हे गुणोत्तर ४ ÷ व्यास असतं: ३०० मिमीला १३.३, १५० ला २६.७. वेळ चतुर्थांश, भिंत दुप्पट, म्हणून सल्फाईड १२ वरून ६.

तरीही दोन टप्प्यांत दोन पाईप टाकणं हाच मला सर्वांत प्रामाणिक उपाय वाटतो. पहिल्या टप्प्यात १५० मिमी, ताशी ७६ घनमीटरचा पंप, वेग १.२ मी/से. साडेचार हजार वस्तीला शिखर गुणक (गर्दीच्या वेळची आवक सरासरीच्या किती पट) ३ धरला तर कमाल आवक ताशी ६२-६३ घनमीटर, तेव्हा पंप पुरतो. किंमत कुठे मोजावी लागते तर घर्षणात. १२०० मीटरला ३०० मिमीत ०.८ वेगाने पावणेतीन मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) जातं, १५० मिमीत १.२ ने साधारण साडेचौदा मीटर. विजेचं बिल वाढतं. पण ते दरमहा समोर दिसतं, मॅनहोल ढासळल्याचा खर्च एकदम येतो.

१५० च्या खाली मात्र जाऊ नका, चिंध्या आणि प्लास्टिक अडकतं.

उतार_आणि_आकार

छान. आता ओरबाडण्याची बाजू. पाणी भिंतीला जे घासतं तो कर्षण-ताण असतो. भरलेल्या पाईपात तो = घनता × घर्षणांक × वेगाचा वर्ग ÷ ८.

३०० मिमी, ०.८ मी/से: सुमारे १.७ पास्कल.
१५० मिमी, १.२ मी/से: सुमारे ४.४ पास्कल.

वाळू वाहून न्यायला साधारण १ ते २ पास्कल पुरतात. चिकटा त्या ताणाखालीच वाढलेला असतो, त्यामुळे त्याला तो ओळखीचा असतो. तो सुटतो ते रोजच्यापेक्षा ठळक जास्त ताण आला तर. आठवड्यातून एकदा दोन्ही पंप एकत्र चालवण्यामागचं तर्कशास्त्र हेच आहे.

पंपघर

दोन्ही पंप एकत्र चालवण्याबद्दल काही व्यावहारिक गोष्टी, कारण यात गफलती फार होतात.

दुसरा पंप लावला म्हणून प्रवाह दुप्पट होत नाही, दोघांना एकाच पाईपचं वाढलेलं घर्षण सोसावं लागतं. वरच्या उदाहरणात २०३ चे ३०० झाले तरी पुष्कळ. तेव्हा वेग १.१८ आणि ताण साडेतीन पास्कलच्या घरात, म्हणजे रोजच्या दुप्पट.

अडचण पाण्याची आहे. ताशी ३०० म्हणजे मिनिटाला ५ घनमीटर. साडेआठ घनमीटरच्या सम्पमध्ये ते दोन मिनिटंही पुरत नाही, पंप हवा ओढतो, सील जातं. म्हणून सकाळच्या गर्दीची वेळ धरा, पातळी धोक्याच्या खुणेच्या थोडी खालपर्यंत चढू द्या, मग दोन्ही एकत्र सोडा. तीन-चार मिनिटं मिळाली तरी उपयोग आहे. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे ताण पूर्ण १२०० मीटरवर एकाच क्षणी येतो. मात्र सुटलेला चिकटा त्या तीन मिनिटांत फक्त दोनशे मीटर सरकतो. पुढच्या खेपाही लगोलग झाल्या पाहिजेत, नाहीतर तो खोलगट भागात परत बसतो.

सम्प रात्रभर तुंबवून पाणी साठवू नका. तिथेच ते सडतं आणि पाईपात सडलेलंच जातं. सरासरी आवकीला अर्ध्या तासापेक्षा जास्त साठवण नकोच. प्रक्रिया केंद्र जवळ असेल तर तिथलं शुद्ध केलेलं पाणी टँकरने आणून सम्पमध्ये सोडणं जास्त बरं.

आधी तीन गोष्टी तपासा: ट्रान्सफॉर्मर आणि केबल दोन्ही पंपांचा भार घेतील का, पलीकडचं गुरुत्व गटार (पंपाशिवाय नुसत्या उतारावर वाहणारं) ताशी ३०० घेईल का, आणि एअर व्हॉल्व्ह चालू आहेत का. उंचवट्यावर अडकलेल्या वायूमुळे डीआय (लोखंडी) पाईपाची वरची बाजू आतून खाल्ली जाते. वेग वाढवताना दाबाचा धक्काही तिथेच बसतो.

सल्फाईड_मोजणी

पंपघर यांच्याशी सहमत, फक्त अपेक्षा नेमकी ठेवा. चिकट्याच्या वरच्या काही शे मायक्रॉनमध्येच बहुतेक काम चालतं, खाली अन्न पोचत नाही. २ मिलिमीटरचा थर घासून १ मिलिमीटर केला तर पंपाचं हेड कमी होईल, सल्फाईड जवळपास तेवढंच राहील. पूर्ण खरवडून साफ केलेला पाईपही आठ-पंधरा दिवसांत परत सल्फाईड देऊ लागतो. धुणं हा घर्षणावरचा इलाज आहे, वासावरचा नाही. आणि खोल थरात मिथेन करणारे जिवाणूही असतात. चेंबरमध्ये ठिणगी नको ती त्यांच्यामुळे.

नवा_अभियंता

घर्षणावरून आठवलं. एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप गुळगुळीत असतो म्हणून मॅनिंगचा गुणांक (खडबडीतपणाचा आकडा) ०.००९ घेतात. चिकटा बसल्यावर तो टिकतो का?

उतार_आणि_आकार

टिकत नाही. महिन्याभरात पाण्याला पाईप दिसतच नाही, चिकटा दिसतो. ब्रिटनच्या एचआर वॉलिंगफर्ड या जलसंशोधन संस्थेच्या तक्त्यांत रायझिंग मेनसाठी पाईपाच्या मालानुसार खडबडीतपणा दिलेलाच नाही, वेगानुसार दिला आहे. सर्व मालांना एकच आकडा: १ मी/से ला ०.३ मिमी, १.५ ला ०.१५, २ ला ०.०६, ही सर्वसाधारण स्थिती. वाईट स्थितीत १ मी/से ला ०.६. धाग्याचा विषय त्या तीन ओळींत आहे. वेग दुप्पट केला की खडबडीतपणा पाचव्या हिश्श्यावर येतो, कारण चिकटा पातळ आणि सपाट होतो.

०.००९ घेऊन पंप निवडला तर पहिल्या महिन्यात तो उत्तम चालतो, मग प्रवाह घटतो, वेग घटतो, चिकटा वाढतो, प्रवाह आणखी घटतो. गुरुत्व गटाराला ०.०११ च्या खाली जाऊ नये. मी ०.०१३ नेच तपासतो.

चेंबर_नोंदवही

गुरुत्व गटाराचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते.

तिथे पाईप अर्धवट भरलेला, वर हवा. चिकटा सर्वांत जाड पाण्याच्या रेषेजवळ असतो, जिथे अन्नही मिळतं आणि हवाही. ताण = ९८१० × जलीय त्रिज्या (पाण्याचा छेद भागिले भिजलेली कड) × उतार. २०० मिमी पाईप, उतार २५० ला १:

अर्धा भरलेला: वेग ०.६६ मी/से, ताण जवळपास २ पास्कल.
एक पंचमांश भरलेला: वेग ०.४ मी/से, ताण ०.९५ पास्कल.

पाईप तोच, उतार तोच, पण रात्री आणि दुपारी, पाणी कमी असताना, ताण निम्मा. सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा-मलनिःसारण तांत्रिक संस्थेच्या) २०१३ च्या नियमपुस्तिकेत सुरुवातीच्या शिखर प्रवाहाला ०.६ आणि अंतिम शिखर प्रवाहाला ०.८ मी/से मागितलेत. पहिली अट आराखड्यात हमखास दुर्लक्षित होते. पूर्ण भरलेल्या पाईपाचा वेग लिहून मोकळे होतात. दिवसातून एकदा तरी ०.६ येतो का, हे आजच्या वस्तीवर तपासा.

मुंबई शहर भागातली ब्रिटिशकालीन विटांची अंडाकृती गटारं याच कारणाने निमुळत्या तळाची आहेत. पाणी कमी झालं तरी ते अरुंद तळात गोळा होतं, खोली टिकते, वेगही टिकतो.

आणखी एक. उतार जास्त असेल तर पाणी खळाळतं आणि हवा विरघळते, तिथे चिकट्याचा वरचा थर प्राणवायूवर चालतो आणि खालून येणारं सल्फाईड वाटेतच जाळतो. त्यामुळे चांगल्या उताराच्या गटाराला वास येत नाही. पण आधीच सडलेलं पाणी खळाळलं तर उलट होतं, सगळा वायू बाहेर पडतो. रायझिंग मेन जिथे गटारात पडते तिथे काँक्रीट खाल्लं जातं ते यामुळे.

वेटवेल

बरोबर. तिथला वायू छपरावरच्या ओलीत विरघळतो, दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, पृष्ठभागाचा पीएच १-२ पर्यंत उतरतो. हे काम जिवाणूंचं आहे हे पार्कर यांनी १९४५ मध्ये मेलबर्नमध्ये दाखवलं. म्हणून रायझिंग मेनचं तोंड पाण्याच्या पातळीखाली सोडा, वरून धबधबा नको. त्या चेंबरला आणि पुढच्या दोन-तीन चेंबरना एचडीपीई किंवा इपॉक्सीचं अस्तर करा. नुसतं सिमेंटचं प्लास्टर पुन्हा गळून पडतं.

गृहसंकुल_सचिव

आमच्या सोसायटीच्या १६० मिमी पीव्हीसी लाइनला जेटिंग (दाबाच्या पाण्याने सफाई) करूनही महिन्यात चिकटा येतो. जास्त दाबाने जेटिंग करावं का?

पंपघर

दाब वाढवून उपयोग नाही. महिन्यात परत येतो म्हणजे स्वयंपाकघरातलं तेल-तूप त्यात आहे. मंद पाण्यात ते थंड होऊन चिकट्यावर बसतं आणि चिकट्याला खायलाही मिळतं. आधी ग्रीस ट्रॅप (तेलकट थर अडवणारी टाकी) उपसा, मग लाइनला कुठे झोल पडलाय का ते कॅमेऱ्याने बघा. झोल असेल तिथे पाणी सतत उभं असतं. तो तुकडा उकरून उतारात बसवल्याशिवाय जेटिंगचे पैसे दरमहा जातील. जेटिंग नेहमी खालच्या चेंबरकडून वरच्याकडे, आणि सुटलेला गाळ खालच्या चेंबरमध्ये सक्शनने उचलायचा. पुढे ढकलला तर पुढचा तुकडा तुंबतो.

आणि कुणालाही चेंबरमध्ये उतरवू नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही. सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं तर २०१३ च्या कायद्याने बंद आहेच. चिकटा ढवळला की त्यात अडकलेलं हायड्रोजन सल्फाईड एकदम सुटतं. १०० पीपीएमच्या आसपास नाकाला वास येणंच थांबतं, ५०० च्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो. वास नाही म्हणजे वायू नाही, या समजुतीने माणसं गेली आहेत.

नवा_अभियंता

मग नमुन्यातल्या लाइनवर आज, दुसरा पाईप टाकायला पैसे नसताना, काय करायचं?

सल्फाईड_मोजणी

आधी मोजा. पडणाऱ्या चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाईडचा लॉगर सात दिवस टांगा. पाण्याचा नमुना बाटली तोंडापर्यंत भरून, जस्त अ‍ॅसिटेट आणि कॉस्टिक लगेच घालून न्यायचा. उघड्या बाटलीतून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सल्फाईड उडून जातं आणि अहवालात शून्य येतं.

मग औषध. १२ मिलिग्रॅम × ५०० घनमीटर = दिवसाला ६ किलो सल्फाईड.

लोहक्षार: १ किलो सल्फाईडला हिशोबाने १.७५ किलो लोह, म्हणजे रोज साडेदहा किलो लोह. प्रत्यक्षात थोडं जास्त. चिकटा त्याने निघत नाही, ते तयार झालेलं सल्फाईड बांधून ठेवतं.

नायट्रेट: १ किलो सल्फाईड पूर्ण जाळायला ०.७ किलो नायट्रेट-नायट्रोजन, म्हणजे सव्वाचार किलो. पण पंपाजवळ घातलं तर वाटेतच दुसरे जिवाणू ते खातात आणि चिकटा आणखी जाड होतो. लाइनच्या शेवटाजवळ घातलं तर कमी लागतं. बंद केलं की सल्फाईड परत येतं, कारण ते करणारे जिवाणू खालच्या थरात जिवंतच असतात.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड: पीएच ८.५ ते ९. पीएच ७ ला निम्मं सल्फाईड वायुरूपात सुटू शकतं, ८ ला दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ९ ला शंभरावा हिस्सा.

रोजच्या वापराला मी लोहक्षार निवडेन, तेही आवकीनुसार मात्रा बदलणाऱ्या पंपाने. एकाच मात्रेवर ठेवलं तर रात्री कमी पडतं आणि सकाळी वाया जातं.

चेंबर_नोंदवही

नळाच्या पाण्याकडेही बघा. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की त्यांच्या भागातल्या सांडपाण्यातलं बरंचसं सल्फेट जलशुद्धीकरणातल्या तुरटीतून येतं. आपल्याकडेही कित्येक केंद्रांवर तुरटीच वापरतात. पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडवर गेलं तर चिकट्याला सल्फेटच कमी मिळतं. गावाच्या मूळ पाण्यात सल्फेट किती आहे ते तपासूनच ठरवा, विहिरी-बोअरचं पाणी मिसळत असेल तर फरक दिसणार नाही.

पंपघर

आणि पावसाळ्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोज दोन्ही पंपांचा जोर देऊन लाइन थोडी थोडी मोकळी करून घ्या. नाहीतर मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला गटारात पाणी शिरतं आणि वर्षभराचा चिकटा-गाळ एका दिवसात प्रक्रिया केंद्रावर जातो. काळं पाणी, जाळ्या तुंबलेल्या, वायुवीजन टाकीतला प्राणवायू शून्य. त्या आठवड्यात केंद्राच्या माणसाला फोन करून वेळ कळवायची, म्हणजे तो ब्लोअर वाढवून ठेवतो.

डिलिव्हरीवर प्रेशर गेज नसेल तर आधी ते बसवा, डायफ्रॅम सीलवालं (ज्यात सांडपाणी शिरत नाही). साधं गेज चार दिवसांत तुंबतं. जोर देण्याआधी आणि नंतर, त्याच पातळीला, एकच पंप चालू ठेवून वाचन लिहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे निघालेला चिकटा.

नवा_अभियंता

स्थिर हेड वजा करून ना?

पंपघर

हो. सम्पची पातळी दोन्ही वेळा एकच ठेवली तर स्थिर हेड आपोआप वजा होतं. त्याच मिनिटाला अँपिअरही लिहा. दाब उतरला आणि अँपिअर चढले तर प्रवाह वाढलाय. दोन्ही उतरले तर चिकटा निघालेला नाही, इम्पेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या चाकात) चिंधी अडकली आहे.